वाचकांचे प्रश्न : विमाने, दारूगोळा आणि नागपूर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी चार पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी असल्यामुळे ती एकत्र घेतली आहेत. पत्रांतील मजकूर आवश्यक तेवढाच दिला आहे.

प्रश्न : माझे बहुतेक विद्यार्थी इंजिनिअर झाले आणि पुण्याला, बंगळुरूला किंवा हैदराबादला निघून गेले. नागपूर देशाच्या मध्यभागी आहे, येथे जमीन आहे, वीज आहे, शिक्षणसंस्था आहेत. तरीही उच्च तंत्रज्ञानाचे उद्योग त्याच तीन-चार शहरांत का गोळा होतात? (एक निवृत्त शिक्षिका, प्रतापनगर, नागपूर)

उत्तर : मध्यभागी असण्याचा फायदा जड मालाला होतो. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1877 मध्ये मुंबईत न निघता नागपुरात निघाली, कारण कापूस इथला होता, कोळसा जवळ होता आणि कापडाला गिऱ्हाईकही आसपासच होते. विमानाच्या भागाचा नकाशा, औषधाच्या रेणूची कृती किंवा संगणकाची आज्ञावली यांना मालगाडीचे भाडे पडत नाही. त्यांना लागतात ती विशिष्ट कसबाची माणसे, आणि अशी माणसे जिथे आधीपासून आहेत तिथेच पुढचा कारखाना जातो. इंग्लंडमधील अर्थशास्त्रज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी 1890 मध्ये याची तीन कारणे मांडली होती, आणि शेफील्डच्या सुऱ्या-कात्र्यांच्या धंद्याला लागू पडणारी ती कारणे आजच्या चिप-आरेखनालाही लागू पडतात. एका धंद्याचे अनेक मालक एका गावी असले की कामगाराला एक नोकरी सुटल्यावर दुसरी शोधण्यासाठी बिऱ्हाड हलवावे लागत नाही आणि मालकालाही हवा तो माणूस चटकन मिळतो. अवजारे, सुटे भाग, दुरुस्ती पुरवणारे छोटे धंदे भोवती उभे राहतात. आणि एकाने शोधलेली युक्ती दुसऱ्याच्या कानावर फार दिवस न लोटता पडते. पॉल क्रुगमन यांना 2008 मध्ये नोबेल मिळाले ते व्यापार आणि उद्योगांचे भौगोलिक स्थान यांच्या ज्या विश्लेषणासाठी, त्यातून याच जुन्या निरीक्षणाला गणिती बैठक मिळाली. सुरुवात कित्येकदा योगायोगाने होते, पण एकदा पारडे एका बाजूला झुकले की ते झुकतच जाते.

बंगळुरूचे पारडे 1991 च्या आर्थिक उदारीकरणानंतर झुकले, असा समज आहे. तो बरोबर नाही. जमशेटजींच्या योजनेतून, त्यांच्या मृत्यूनंतर, 1909 मध्ये म्हैसूर संस्थानाने दिलेल्या जागेवर तेथे विज्ञान संस्था उभी राहिली. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी 1940 मध्ये म्हैसूर सरकारच्या भागीदारीत विमानांचा कारखाना काढला, आणि महायुद्धात दोस्त राष्ट्रांची विमाने तेथे दुरुस्तीला येऊ लागली. पुढे केंद्र सरकारने 1948 मध्ये टेलिफोनचा, 1953 मध्ये यंत्रसामग्रीचा आणि 1954 मध्ये संरक्षण-इलेक्ट्रॉनिक्सचा कारखाना तेथेच दिला. इस्रोचे मुख्यालयही तेथेच गेले. सीमेपासून दूर म्हणून बंगळुरू निवडले, असे नेहमी सांगितले जाते. निकष तेवढाच असता तर नागपूरही त्यात बसले असते! खरा फरक असा की बंगळुरूत फिटरपासून शास्त्रज्ञापर्यंतची उतरंड तोवर तयार झालेली होती. 1985 मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने आपले आरेखन केंद्र तेथे उघडले तेव्हा तिला इलेक्ट्रॉनिक्स जाणणारी माणसे शोधत गावोगाव फिरावे लागले नाही. इन्फोसिस 1981 मध्ये पुण्यात निघाली आणि दोन वर्षांत बंगळुरूला गेली, हे पुणेकरांना आजही फारसे आवडत नाही.

हैदराबादची गोष्ट मला अधिक बोलकी वाटते, कारण तेथे कसब एका कारखान्यातून गावभर कसे पसरते, हे माणसांच्या नावांनिशी दिसते. केंद्र सरकारच्या इंडियन ड्रग्ज अँड फार्मास्युटिकल्स या कंपनीने साठच्या दशकात तेथे कृत्रिम औषधांचा कारखाना काढला. तो पुढे तोट्यात जाऊन आजारी पडला. पण त्यात काम केलेले अंजी रेड्डी बाहेर पडले, त्यांनी आधी दुसऱ्या कंपन्या काढल्या आणि 1984 मध्ये डॉ. रेड्डीज उभी केली. त्यांच्याबरोबर काम केलेले मुरली दिवी यांनी 1990 मध्ये आपली वेगळी कंपनी काढली. दरम्यान 1970 च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावरचे पेटंट काढून केवळ कृतीवरचे ठेवल्यामुळे, तेच औषध वेगळ्या कृतीने बनवू शकणाऱ्या रसायनतज्ज्ञाला सोन्याचे मोल आले होते, आणि असे रसायनतज्ज्ञ हैदराबादेत हाताच्या अंतरावर होते. कारखाना बुडाला, पण त्याने घडवलेली माणसे गावातच राहिली. पुण्यातही राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, मोटारउद्योगाची संशोधन संस्था, लसी बनवणारी सीरम आणि संगणक-संशोधनाची सी-डॅक यांच्याभोवती असेच घडले.

आता नागपूर. येथे 1942 पासून लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्था आहे, 1960 पासून विश्वेश्वरय्या यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, पर्यावरण-अभियांत्रिकीची राष्ट्रीय संस्था 1958 पासून आहे, वाडीला ॲल्युमिनियमचे संशोधन केंद्र आहे. हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचे मुख्यालयसुद्धा वायुसेना नगरात आहे. परंतु विमाने आणि त्यांची यंत्रणा प्रत्यक्ष खोलून दुरुस्त करणारे डेपो ओझर, पुणे, कानपूर, चंडीगड अशा ठिकाणी आहेत. नागपूर हे मुख्यालयांचे गाव आहे. मुख्यालयात फायली हलतात, आणि फायली हलवणारा अधिकारी निवृत्त झाल्यावर बहुधा कारखाना काढत नाही. ज्या कारखान्यात दहा वर्षे काढून मग माणूस शेजारी स्वतःचे शेड टाकतो, असा पहिला मोठा कारखाना या क्षेत्रांत येथे नव्हता. आपले विद्यार्थी गेले ते यामुळे. याला एक ठळक अपवाद आहे; तो पुढच्या उत्तरात येईल.

प्रश्न : एखादा जिल्हा एखाद्या उच्च-तंत्र उद्योगात ‘विशेषज्ञ’ आहे, हे आकड्यांनी कसे ठरवतात? नागपूर जिल्ह्याचे विशेषीकरण तपासायचे झाल्यास काय पाहावे? (अर्थशास्त्राची एक विद्यार्थिनी, नागपूर)

उत्तर : सर्वांत जास्त वापरले जाणारे माप म्हणजे लोकेशन कोशंट. जिल्ह्यातील एकूण कारखाना-रोजगारात त्या उद्योगाचा जो वाटा असेल त्याला, देशाच्या एकूण कारखाना-रोजगारातील त्याच उद्योगाच्या वाट्याने भागायचे. समजा, देशात दर हजार कामगारांमागे 12 औषध-उद्योगात आहेत आणि एखाद्या जिल्ह्यात 36 आहेत. तर त्या जिल्ह्याचा कोशंट 3 झाला. एकाहून जास्त म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा अधिक एकवटलेला, एकाहून कमी म्हणजे विरळ. उद्योग सगळ्या देशात किती असमान पसरला आहे हे पाहण्यासाठी गिनी किंवा हर्फिंडाल यांसारखे निर्देशांक आहेत. आपल्या कामापुरता कोशंट पुरेल.

मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. मुळात कारखाने थोडे असलेल्या जिल्ह्यात एकच मोठा कारखाना आला तरी कोशंट एकदम चढतो आणि तेथे समूह तयार झाल्याचा भास होतो. म्हणून रोजगाराबरोबर आस्थापनांची संख्याही पाहावी. नागपूर विमानतळालगतच्या मिहान या उद्योगक्षेत्रात बोईंगने बांधून दिलेला आणि 2015 मध्ये एअर इंडियाने सुरू केलेला विमान-दुरुस्ती तळ आहे. ती अभिमानाची गोष्ट आहे, पण दोन हँगर म्हणजे समूह नव्हे.

दुसरी अडचण वर्गीकरणाची आहे, आणि नागपूरच्या बाबतीत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या वर्गवारीनुसार संशोधनावरील खर्चाच्या प्रमाणात उद्योगांची प्रतवारी होते, आणि वरच्या प्रतीत औषधे, संगणक-इलेक्ट्रॉनिक-प्रकाशीय उपकरणे आणि विमाने-अवकाशयाने हे तीनच कारखानदारी उद्योग येतात. आपल्या 2008 च्या राष्ट्रीय औद्योगिक वर्गीकरणात त्यांचे क्रमांक 21, 26 आणि 303 आहेत. केंद्र सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीतून हे तीन क्रमांक उचलून नागपूरचा कोशंट काढायला बसलात, तर नागपुरात प्रत्यक्ष काय घडते आहे त्यातले बरेचसे आपल्या जाळ्यातून निसटेल. विमानांची देखभाल-दुरुस्ती 303 मध्ये धरली जात नाही, ती दुरुस्तीच्या 3315 या वर्गात जाते. स्फोटके रसायनांच्या 20 या विभागात जातात. शस्त्रे आणि दारूगोळा 252 मध्ये, म्हणजे धातूच्या घडीव वस्तूंच्या शेजारी, आणि प्रतही मध्यम-उच्च. संगणकप्रणाली तर सेवाक्षेत्रात मोडत असल्यामुळे या पाहणीत मुळीच येत नाही. परसोडीचा आयटी पार्क आणि मिहानमधील मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्या यांसाठी वेगळी आकडेवारी घ्यावी लागेल.

मागच्या उत्तरात ज्या अपवादाचा उल्लेख केला तो हाच : स्फोटके आणि दारूगोळा. येथे नागपूरचा समूह खरोखर आहे, आणि तो कोणी आराखड्यावर आखून दिलेला नाही. उमरेड, कामठी, वणी, चंद्रपूर या पट्ट्यातील कोळसा खाणींना सुरुंगासाठी रोज स्फोटके लागतात. अशी वस्तू लांबून वाहून आणणे महाग आणि धोक्याचे असते. स्फोटकांच्या इमारतींमध्ये कायद्याने ठरावीक सुरक्षित अंतर सोडावे लागते, त्यासाठी गावाबाहेरची मोकळी जमीन येथे मिळते. परवाने देणाऱ्या पेट्रोलियम व स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय नागपुरातच आहे, आणि या एका बाबतीत मुख्यालय जवळ असण्याचा उपयोग होतो. त्यात भंडाऱ्याचा स्फोटकांचा, चंद्रपूरचा दारूगोळ्याचा आणि अंबाझरीचा धातूच्या कवचांचा असे तीन सरकारी आयुध कारखाने. त्यांत घडलेला अनुभवी माणूस याच परिसरात घर बांधून राहतो. खाणींना स्फोटके पुरवणारी सोलर इंडस्ट्रीज 1995 मध्ये येथे निघाली आणि तिची उपकंपनी इकॉनॉमिक एक्स्प्लोझिव्ह्ज पुढे लष्करासाठी हातबॉम्ब, ‘नागास्त्र’ हे घिरट्या घालून लक्ष्यावर कोसळणारे छोटे मानवरहित विमान आणि पिनाका रॉकेट यांपर्यंत पोहोचली. 2025 च्या फेब्रुवारीत संरक्षण मंत्रालयाने पिनाकाच्या दारूगोळ्यासाठी ही कंपनी आणि सरकारी म्युनिशन्स इंडिया यांच्याशी एकूण 10,147 कोटी रुपयांचे करार केले. सुरुंगाच्या कांडीपासून रॉकेटपर्यंतचा हा प्रवास म्हणजे मार्शल यांच्या तिन्ही कारणांचे आपल्या दारातले उदाहरण आहे.

या समूहाची किंमतही लिहून ठेवली पाहिजे. स्फोटकांच्या कारखान्यांत अपघात होतात, आणि त्यांत जीव जातो तो बहुतेक वेळा आसपासच्या खेड्यांतून कामाला येणाऱ्या तरुण मुलामुलींचा. आपण या विषयावर प्रबंध लिहिणार असाल, तर रोजगाराच्या रकान्याशेजारी हाही रकाना असू द्यावा.

प्रश्न : लष्कराच्या मालवाहू विमानांचा प्रकल्प नागपूरला येणार असे ऐकत होतो, तो बडोद्याला गेला. सेमीकंडक्टरचाही गेला. दुसऱ्या राज्यांनी पळवले नसते तर आज नागपूर कुठल्या कुठे गेले असते, असे आपणास वाटत नाही का? (एक वाचक, सीताबर्डी)

उत्तर : थोडे वाटते, फार नाही. दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. वेदांत-फॉक्सकॉनच्या ज्या चिप प्रकल्पावरून 2022 मध्ये वादळ उठले, त्यासाठी महाराष्ट्रात चर्चा होती ती पुण्याजवळच्या तळेगावची, नागपूरची नव्हे. आणि 2023 च्या जुलैमध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतल्यावर तो जोडप्रकल्प गुजरातेतही उभा राहिला नाही. सी-295 या मालवाहू विमानांचे तसे नाही. 56 पैकी 40 विमाने भारतात बांधायची आहेत, बडोद्यातील जुळणी-कारखान्याचे उद्घाटन 2024 च्या ऑक्टोबरमध्ये झाले, आणि मिहानची धावपट्टी शेजारी असताना तो येथे यावा ही अपेक्षा गैर नव्हती. ती हळहळ मलाही आहे.

तरी एक मोठा कारखाना आला म्हणजे समूह आला, असे होत नाही, आणि तो गेला म्हणजे समूह संपला असेही होत नाही. चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूरला नोकियाचा मोबाइलचा कारखाना 2006 मध्ये सुरू झाला आणि 2014 मध्ये बंद पडला. हजारो कामगारांवर, त्यांतही तरुण मुलींवर, संकट आले. मात्र आठ वर्षांत त्या पट्ट्यात जुळणीच्या कामाला सरावलेले हात, पुरवठादार आणि बंदरापर्यंतची घडी बसलेली होती. पुढे तीच जागा चार्जर बनवणाऱ्या सालकॉम्पने घेतली आणि आज ॲपलच्या फोनची जुळणी देशात ज्या पट्ट्यांत मोठ्या प्रमाणावर होते, त्यांत तो पट्टा आहे. त्यामुळे बडोद्याला काय गेले यापेक्षा मिहानमध्ये जे आले आहे त्यातून गावात काय झिरपते, याचा पाठपुरावा लोकप्रतिनिधींकडे करावा. दासो ही फ्रेंच विमान कंपनी आणि रिलायन्स यांच्या कारखान्याची पायाभरणी 2017 मध्ये झाली, तेथे फाल्कन विमानांचे भाग बनतात, आणि फाल्कन 2000 या विमानाची अंतिम जुळणीही नागपुरातच करण्याची घोषणा 2025 च्या जूनमध्ये पॅरिसच्या विमान प्रदर्शनात झाली आहे. पहिले विमान 2028 पर्यंत अपेक्षित आहे. त्या विमानातील किती कंस, किती नळ्या, किती खिळे हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींत घडले, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. पुढचे पत्र नेमके त्याच जागेवरून आले आहे.

प्रश्न : माझे हिंगणा एमआयडीसीत छोटे वर्कशॉप आहे, तीन व्हीएमसी आणि एक सीएनसी लेथ (धातू कापणारी संगणक-नियंत्रित यंत्रे) आहे. मिहानमध्ये विमानाचे भाग बनतात, पण आम्हाला चौकशीसुद्धा येत नाही. आमचे काम कमी दर्जाचे आहे का? (एक लघुउद्योजक, हिंगणा)

उत्तर : दर्जाचा प्रश्न बहुधा नंतर येतो; आधी कागदाचा आणि प्रक्रियांचा येतो. विमानात बसणारा तळहाताएवढा ॲल्युमिनियमचा कंस घ्या. त्याच्या धातूच्या ठोकळ्यासोबत तो धातू बनवणाऱ्या कारखान्याचे चाचणी-प्रमाणपत्र येते, त्यावरचा हीट नंबर (धातू ज्या ओतीतून आला तिचा क्रमांक) कामाच्या प्रत्येक टप्प्यावर रूट कार्डावर, म्हणजे टप्प्यांच्या नोंदीच्या कागदावर, चढवत न्यावा लागतो. कापणी झाली, कडा घासल्या, सीएमएम या मापन-यंत्रावर मापे घेतली, की मग तडे शोधण्याची चाचणी, मग ॲनोडायझिंग (गंज रोखणारा थर चढवणे), मग प्रायमर. पहिल्या नगाचा अहवाल नकाशातील प्रत्येक मापासमोर प्रत्यक्ष माप लिहून सादर करायचा, आणि तो मंजूर झाल्यावर यंत्र, अवजार किंवा जागा बदलली तर त्याची पुन्हा तपासणी. यांपैकी कापणी आपण आजही उत्तम करत असाल. परंतु कारखान्याला एएस 9100 हे विमान-उद्योगाचे गुणवत्ता-प्रमाणपत्र लागते, आणि ॲनोडायझिंग, उष्णतासंस्कार, तडे-चाचणी या विशेष प्रक्रियांना वेगळी नॅडकॅप मान्यता लागते. मान्यता असलेला प्रक्रिया-कारखाना जवळ नसेल तर आपला कंस बंगळुरूला जाऊन परत यायचा. पुरेसा लॉट जमेपर्यंत तेथे थांबायचा. आणि एखादा नग नाकारला गेला तर चूक कोणाची यावर फोनाफोनी. खरेदी-अधिकारी हे सगळे जाणतो, म्हणून तो ऑर्डर सरळ बंगळुरूच्या पीण्या भागातच देतो. तिथल्या वर्कशॉपला हाच फेरा रिक्षा-टेंपोत होतो.

बेळगावचे उदाहरण आपणास उपयोगी पडेल. ओतकाम आणि मशीनिंग यांची जुनी परंपरा त्या गावाला होती. एकस या कंपनीने जवळच हत्तरगी येथे विमानभागांचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारले तेव्हा घडाई, कापणी आणि पृष्ठभाग-प्रक्रिया ही सगळी साखळी एकाच कुंपणात आणली, त्यासाठी परदेशी भागीदार घेतले. महानगर नसतानाही ते जमले, कारण कापणी करणाऱ्याला माल गावाबाहेर पाठवावा लागेना. मिहानमध्येही विशेष आर्थिक क्षेत्राचे असे कुंपण आहे. ही साखळी त्यात किंवा त्याबाहेर अद्याप पुरी झालेली नाही. शिवाय विशेष आर्थिक क्षेत्र हे करांच्या दृष्टीने परदेशासारखे धरले जाते, त्यामुळे आत दिलेला माल निर्यातीच्या कागदपत्रांनिशी द्यावा लागतो. त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही, एक जाणता कर-सल्लागार ते बसवून देतो.

माझे मत विचाराल तर विमानापासून सुरुवात करू नये. रॉकेटच्या शेपटीचे पंख, तोफगोळ्यांची धातूची कवचे, जुळणीच्या वेळी भाग धरून ठेवणारी जिग आणि फिक्स्चर ही कामे अंबाझरीला आणि खासगी दारूगोळा कारखान्यांना लागतात, ती आपल्या यंत्रांवर होण्याजोगी आहेत, आणि तपासनीसही याच गावात असतो. येथे दोन-तीन वर्षे हीट नंबर आणि रूट कार्ड सांभाळण्याची सवय वर्कशॉपातल्या पोरांना लागली, की एएस 9100 चा निम्मा अभ्यास तेथेच होतो. दरम्यान हिंगण्यातील आठ-दहा वर्कशॉपवाल्यांनी मिळून सूक्ष्म व लघु उद्योगांच्या केंद्रीय समूह विकास कार्यक्रमातून सामायिक सुविधा केंद्राचा प्रस्ताव द्यावा. त्यात प्रकल्पखर्चाचा मोठा भाग अनुदानातून मिळू शकतो, उरलेला सभासदांना उभा करावा लागतो. अशा प्रस्तावांत हौसेने आणखी एक महागडे मशीनिंग सेंटर घातले जाते, आणि ते मग कोण आधी वापरणार यावरून भांडणे होतात. कापणीची यंत्रे प्रत्येकाकडे आहेतच. प्रस्तावात ॲनोडायझिंगची टाकी, तडे-चाचणीची खोली आणि तापमान राखलेली सीएमएम एवढेच मागावे, आणि मान्यता मिळवण्याचा खर्च व ती टिकवण्यासाठी लागणाऱ्या पगारी माणसाचा खर्च पहिल्या दिवसापासून अंदाजपत्रकात धरावा.